दुसऱ्या पानावर गेलं की सगळं पुसतं

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

बीड,
१८ ऑगस्ट २००२

ती. दादास,

ईश्वरीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही बराच असशील. बबितावहिनीलाही माझा नमस्कार सांग. तिला ‘वहिनी’ म्हणून मी अजून समोरासमोर हाक मारलेली नाही, म्हणून कागदावर सराव करते आहे.

तुझा पत्ता सोमनाथनं दिला. वहिनीचा भाऊ तो, बहिणीचा पत्ता सहज देईल असं वाटलं नव्हतं. मांजरसुंब्याला त्याच्या एसटीडी बूथवर गेले, तर आधी विचारलं, “कावून पायजे? भांडायचं असंल तर देत न्हाई.” मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काम आहे. तेव्हा हसला, आणि वर चहासुद्धा पाजला.

ई-मेल का केला नाही, असं तुला वाटेल. कॅफेत आपण टाइप करतो तेव्हा मागे चौघं उभे राहून वाचतात. त्यातले दोघं आपल्या गल्लीतले.

आईचे गुडघे दुखतात, पण चालणं सोडलेलं नाही. दुकान चालू आहे. पितळेला आता कुणी विचारत नाही, स्टीलही कमी झालं, सगळ्यांना ते रंगीत प्लास्टिक हवं. दर्शनी कपाटात आपण आता बादल्या लावल्यात, लाल आणि हिरव्या. तू पाहिलंस तर तुला ओळखू येणार नाही.

आता कामाचं. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते हे तुला सोमनाथकडून कळलंच असेल. आपल्या समाजाच्या वधूवर मंडळाला इंटरनेटवर साइट हवी आहे. अध्यक्ष अर्जुनराव, तेच आपले, सोन्याचांदीच्या दुकानवाले. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला विचारलं होतं, पण आपल्याच गावची मुलगी करते म्हणते तर करू दे, म्हणून काम मला दिलं. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत ती सुरू करायची. नाही जमलं तर काम पुण्याला जाणार, आणि ‘पोरीबाळींचं काम हे असंच’ असं अर्जुनराव वर्षभर सांगत फिरणार. दादा, मला हे जमवायचंच आहे.

अडचण अशी की नोंदणीचा फॉर्म मोठा आहे, म्हणून मी त्याची चार पानं केली. पहिल्यावर नाव-गाव, दुसऱ्यावर शिक्षण, तिसऱ्यावर घरची माहिती, चौथ्यावर अपेक्षा. पहिलं पान भरून ‘पुढे’ दाबलं की दुसरं येतं, पण पहिल्यावर भरलेलं कुठं जातं ते कळत नाही. शेवटी ‘जतन करा’ दाबल्यावर डेटाबेसमध्ये काय सापडतं, तर फक्त अपेक्षा. नाव नाही, गाव नाही, नुसती अपेक्षा. पन्नास रकान्यांचं एकच लांबलचक पान करून पाहिलं, तर ते उघडेपर्यंत फोनची लाइनच तुटते.

क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पुस्तकात बघ. पुस्तकात एकाच पानाचा फॉर्म आहे. मी रडकुंडीला आले होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, ज्याला येतं त्याला विचार की. म्हणून विचारते.

सोबत माझ्या चारी पानांचं लिखाण छापून जोडलंय. राखीपण आहे. पाकिटात जागा होती, म्हणून घातली.

तुझी,
ईश्वरी

*

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

बीड,
६ ऑक्टोबर २००२

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. चार पानं कोड, वर ‘चि. ईश्वरीस’, खाली नुसतं ‘सं.’. मधे माणसाचं म्हणून एक वाक्य सापडलं नाही. पण अगदी तळाला वहिनीनं बारीक अक्षरात लिहिलेली ओळ वाचली: ‘राखी अजून सोडलेली नाही, ऑफिसला तशीच बांधून जातात.’ ती ओळ मी आईला वाचून दाखवली. आईनं परत वाचायला लावली. मग उठून डबा काढला आणि आमटीला लावायचं येसर भाजायला घेतलं. या पार्सलमध्ये ते येसर आहे, आणि वर ज्वारीचं पीठ. आई म्हणते, तिकडच्या पिठाची भाकरी थापता येत नसंल तिला.

तू लिहिलंस ते आता डोक्यात बसलं. सर्व्हरला आधीच्या पानाची आठवणच राहत नाही. प्रत्येक पान त्याच्या दारात नवं माणूस म्हणून उभं राहतं, म्हणून मागचं सगळं आपणच पुढे न्यायचं. तू सांगितल्याप्रमाणे दर पानावर न दिसणारे रकाने ठेवले आणि मागच्या पानावरचं त्यांत भरून पुढे पाठवलं. चारी पानं एकत्र डेटाबेसमध्ये उतरली तेव्हा मी क्लासमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. पोरं बघायला लागली.

पण आपल्याकडच्या लाइटीचा विचार तू केला नाहीस. तुझ्या बंगलोरला लाइट जात नसेल. चाचणीला पहिल्या वत्सलाबाई आल्या, अर्जुनरावांच्या बहीण. मुलगी रुचिका, बी.एड. झालेली. वत्सलाबाईंनी स्वतःच भरायचा हट्ट धरला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिसऱ्या पानापर्यंत आल्या आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा समोर पहिलं पान, कोरं करकरीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मागून वायर उपसली होती.

मग मी तुला न विचारता अक्कल चालवली. डेटाबेसमध्ये एक तात्पुरती जागा केली. कुणीही ‘पुढे’ दाबलं की त्याचं भरलेलं तिथं जाऊन बसायचं, लाइट जावो नाही तर राहो. मी एकटीनं दहादा करून पाहिलं, चोख चाललं. मला वाटलं, दादापेक्षा पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई रुचिकाला आणि शेजारणींना घेऊन पुन्हा आल्या. त्याच वेळी नांदूरघाटचे मुंजाजीकाका शेजारच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या रविचा फॉर्म भरत होते. रवि जनावरांचा डॉक्टर आहे. दोघांनी भरून संपवलं, मी छापून दोघांच्या हातात दिलं. वत्सलाबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: “रुचिका. उंची पाच फूट दहा इंच. व्यवसाय, गुरांचा दवाखाना. अपेक्षा, मुलगी घरकामात हुशार असावी.”

तिकडे मुंजाजीकाका वाचत होते, “रवि. छंद, रांगोळी. अपेक्षा, मुलगा निर्व्यसनी हवा.”

तात्पुरती जागा एकच होती, दादा. मी एकटी भरत होते तोवर ठीक होतं. दोघांनी एकदम भरलं आणि दोघांचं एकमेकांत मिसळलं.

वत्सलाबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मुंजाजीकाका त्यांना समजवायला लागले, “बाई, माझ्या पोराला रांगोळी येत न्हाई, ते तेवढं खोटं हाय. बाकी पोरगं चांगलं हाय.” मग बायका हसायला लागल्या, रुचिका तोंडावर पदर घेऊन हसली, आणि शेवटी वत्सलाबाईसुद्धा. पण अर्जुनराव हसले नाहीत. त्याच दिवशी मंडळाची बैठक बोलावली आणि म्हणाले, काम पुण्याला देऊ.

अप्पा मुलीचे वडील असले तरी मंडळाचे सभासदही आहेत, म्हणून बैठकीत होते. कोपऱ्यात बसले होते. ते उठले आणि म्हणाले, “पौर्णिमेपर्यंत थांबा. जबाबदारी माझी.” एवढंच बोलून बसले. घरी आल्यावर त्यांनी मला तो छापलेला कागद मागितला. मी भीतभीतच दिला. कट्ट्यावर बसून वाचला, आणि दादा, अप्पा हसले. आधी मिशीत, मग पोट धरून. आई स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून. मी त्यांना एवढं हसताना तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तू गेल्यापासून, हे लिहून गेले. खोडत नाही आता.

तर सांग, प्रत्येकाचं वेगळं कसं ठेवू? आणि लाइट गेली तरी कसं टिकवू? लवकर सांग. पौर्णिमा फार लांब नाही, आणि माझी कुणीतरी जबाबदारी घेतली आहे.

तुमची दोघांची,
ईश्वरी

ता.क. उद्या घट बसतात. आईनं वहिनीसाठी खणाचं कापड ठेवलंय पार्सलात. कुणी ठेवायला सांगितलं असं विचारू नकोस, तिनंच ठेवलंय.

*

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

बीड,
२१ नोव्हेंबर २००२

प्रिय दादा आणि प्रिय बबितावहिनी,

दोघांना नमस्कार. कालपासून घरात इतकी माणसं येऊन गेली की माझा हा पेन दोनदा हरवला. सगळं एका दमात सांगते, मधे अक्षर वेडंवाकडं झालं तर समजून घ्या.

दादा, तुझी रीत लागू पडली. कुणी पहिलं पान भरलं की त्याची एक कच्ची नोंद करायची आणि त्या नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा. पुढच्या पानांवर फक्त तो क्रमांक न्यायचा, आणि दर ‘पुढे’ला त्याच क्रमांकाच्या नोंदीत भर घालायची. शेवटच्या पानावर नोंद पक्की. आणि मधेच काही झालं तर क्रमांक आणि जन्मतारीख टाकून जिथं थांबलो तिथून पुढे. पहिलं पान झालं की मी क्रमांक चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात देते. क्लासमध्ये पाच पोरांना पाच कॉम्प्युटरवर बसवून एकदम भरायला लावलं, मधे मुद्दाम मेन स्विच पाडला. कुणाचं कुणात मिसळलं नाही, काही गेलं नाही. तेव्हा मला झोप लागली.

तुझ्या त्या पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता: ‘अप्पा खरंच हसले?’

हो, खरंच हसले. आणि आता लपवण्यात अर्थ नाही. ‘ज्याला येतं त्याला विचार’ असं ऑगस्टात मला म्हणाले ते अप्पाच. मी दुकानात गल्ल्यापाशी तोंड पाडून बसले होते, ते एक हंडा पुसत होते. मान वर न करता म्हणाले. मी विचारलं, “कुणाला येतं?” म्हणाले, “तुला ठावं हाय.” आणि हंडा पुसत राहिले. तो हंडा कुणी घेणार नव्हतं, तरी चकचकीत केला. मी तुला पत्र टाकलं तेव्हापासून रोज दुपारी पोस्टमन आला की दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. तुझी पत्रं त्यांनी वाचली. कोडसुद्धा वाचलं. इंग्रजी कळत नाही, पण बोट ठेवून ओळ न् ओळ पाहिली, आणि म्हणाले, “अक्षर तेच हाय अजून.”

वहिनी आपल्या समाजातली नाही म्हणून तुझ्या लग्नाला ते आले नाहीत, तुम्हाला उंबरा चढू नका म्हणाले, हे मी विसरले नाही. तूही विसरू नकोस. पण काल काय झालं ते ऐक.

म्हणजे परवा, पौर्णिमेला. कपिलधारला फोनची लाइन धड नाही, म्हणून मांजरसुंब्याला सोमनाथच्या बूथमध्ये कॉम्प्युटर मांडला. यात्रेला जाणारी सगळी तिथूनच वळतात. सोमनाथनं बूथला झेंडूची तोरणं लावली होती आणि ‘येथे लग्नाचे फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी. सकाळपासून रांग. अप्पा माझ्यामागे खुर्ची टाकून बसले होते. ज्या बूथसमोरून ते एसटीनं जाताना तोंड फिरवून बसायचे, त्याच बूथमध्ये.

दुपारी अर्जुनराव आले. चार माणसं बरोबर. म्हणाले, मी स्वतः भरतो, माझ्या पुतणीचा. मला कळलं, परीक्षा आहे. सावकाश भरत होते. तिसरं पान संपवून ‘पुढे’ दाबलं आणि लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा.

“गेलं ना?” अर्जुनराव मागे रेलून म्हणाले. “मी म्हणलोच होतो.”

अप्पा खुर्चीतून उठले. “न्हाई गेलं.”

“महारुद्रअप्पा, डोळ्यांनी दिसतंय की.”

“माझ्या दोन्ही लेकरांनी मिळून केलंय ते. जाणार न्हाई.”

दादा, मी चिठ्ठी हातात धरून तशीच उभी राहिले. दोन्ही लेकरांनी. चारचौघांत, अर्जुनरावांसमोर.

दारात आश्रुबामामा उभे होते. वहिनी, तुझे वडील मेंढरं माळावर बसवून आमच्यासाठी दुधाची किटली घेऊन आले होते. ते अप्पांच्या वाऱ्याला कधी उभे राहत नाहीत, बाजारात दिसले तर रस्ता बदलतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ते ऐकलं. किटली खाली ठेवली, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, “शेट, मंग तुमच्या लेकराला लेकरू व्हायचंय, ते ठावं हाय का तुमाला?”

दादा, तू चार पानं कोड लिहिलंस आणि ही एक ओळ तुला लिहिता आली नाही?

अप्पा खाली बसले. परत उठले. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मलाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी आश्रुबामामांना विचारलं, “कितवा?”

“सातवा माघात लागंल. पौषात तिला आणायला जातो मी. पयलं बाळंतपण आमच्याकडं.”

“त्याला कोण न्हाई म्हणतंय,” अप्पा म्हणाले. “पण ओटी आमच्या घरी भरायची.”

“आदी माहेरी येऊन टेकंल ती, मंग तुमच्याकडं.”

“असं कसं? आदी सासरचा उंबरा.”

“तो उंबरा तुमीच बंद केलता, शेट.”

मला वाटलं, संपलं आता. सोमनाथ पुढे व्हायला निघाला. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. मग म्हणाले, “केलता. चुकलो. आता उघडतो म्हणतोय तर तुमी अडवताय कावून, ईवाई?”

आश्रुबामामांना कुणी व्याही मानून ‘ईवाई’ म्हणेल, तेही अप्पा, याची त्यांनी आशाच सोडली होती. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, “दूध गरम हाय. आदी घ्या.”

अर्जुनरावांबरोबरच्या एकानं हळूच विचारलं, “कोणाची ओटी म्हणायची ही?” अप्पांनी वळून सांगितलं, “माझ्या सुनंची. आश्रुबाची लेक. बबिता.” कुणी काही बोलायच्या आत पंखा फिरायला लागला. अर्जुनराव म्हणाले, “लाइट आली.” त्यांना बहुतेक दुसरं काही सुचलं नाही.

मी कॉम्प्युटर चालू केला. लाइन लागायला नेहमीसारखाच वेळ लागला, सगळे ती कर्कश शिट्टी ऐकत उभे. चिठ्ठीवरचा क्रमांक टाकला, जन्मतारीख टाकली. पुतणीचं नाव आलं, गाव आलं, शिक्षण आलं. तिसऱ्या पानावर त्यांनी जिथं बोट उचललं होतं, तिथंच सगळं उभं. अर्जुनराव पडद्याजवळ वाकून एकेक ओळ वाचत गेले. मग खिशातून पेढ्यांचा पुडा काढला, देवाला न्यायला आणला होता तो, आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. “पुण्याला कळवतो, काम झालं म्हणून.” अप्पांना म्हणाले, “ओटीला आमच्याकडच्यांना बोलवा.” हे त्यांनी मनापासून म्हटलं की नाही ते मला कळलं नाही, पण म्हटलं खरं, आणि आई त्यांना बोलावणार आहे.

संध्याकाळपर्यंत रांग हटली नाही. मुंजाजीकाका आले होते, पण फॉर्म भरायला नव्हे, काढून घ्यायला. रवि आणि रुचिकाचं जमलं. वत्सलाबाई सगळ्यांना सांगत होत्या की कॉम्प्युटरला आधीच कळलं होतं. मी त्यांची समजूत दुरुस्त करायला गेले नाही.

लातूरच्या मंडळाकडूनही विचारणा आली आहे. अप्पा म्हणतात, दुकानाचा बादल्यांचा भाग रिकामा करू, तिथं तुझा कॉम्प्युटर ठेव. माझाही फॉर्म भरायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, आधी लातूरचं काम, मग बघू. हो म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

काल दिवसभर दोन्ही घरची माणसं आपल्या घरात होती. वहिनी, तुझ्या आई सारजाबाई पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात आल्या. आईनं त्यांना पाट दिला, त्या पाटावर बसेनात, शेवटी दोघी जमिनीवर बसून शेवया मोडत बसल्या आणि गुडघ्यांच्या तक्रारी करत राहिल्या. आधी कोणता उंबरा, हे अजून ठरलेलं नाही. सकाळी अप्पा मांजरसुंब्याला जाऊन भांडून आले, दुपारी आश्रुबामामा इथं येऊन भांडून गेले. ठरलंय एवढंच की पौषात तुम्हाला आणायला दोघंही बरोबर येणार, परळीहून रेल्वेनं. वहिनी, दोघांना खिडकीची जागा हवी आहे, त्यावरूनही वाद झाला.

तू येशील ना, दादा? तुला राग धरायचा हक्क आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ते स्टेशनवर उतरतील तेव्हा घ्यायला ये. मोठं शहर आहे, दोघंही घाबरतील आणि दोघंही कबूल करणार नाहीत.

मी इथं थांबते, कारण अप्पांना पेन हवा आहे. तासभर समोर येरझारा घालत होते, काय लिहू, काय लिहू म्हणून. मी सांगितलं, मला नका विचारू.

तुमची,
ईश्वरी

चि. सौ. बबिता संगमेश्वर कोरे हिस अनेक आशीर्वाद. प्रकृतीस जपणे. जड उचलू नये. आम्ही येत आहोत.

तुझा सासरा,
महारुद्र कोरे